मांजरीत पार्सल वाटायला निघताय? आधी गाडीची पॉलिसी काढून वाचा



गेल्या पंधरा दिवसांत पाच-सहा जणांनी इनबॉक्समध्ये एकच विचारलं. "दादा, तुम्ही संध्याकाळी पार्सल वाटता ना? आम्हाला पण चालू करायचंय. महिन्याला किती सुटतात?" प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा एकदाच इथं लिहितो. पोस्ट मोठी आहे, पण ज्याला खरंच चालू करायचंय त्यानं मध्येच सोडू नये. खरी गोष्ट शेवटाकडं आहे.

मी हडपसर औद्योगिक वसाहतीत एका वर्कशॉपमध्ये स्टोअर सांभाळतो. सकाळी आठ ते साडेचार. पगार हातात सव्वीस हजार, वेळेवर होतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण मागच्या वर्षी पोरगी अकरावी सायन्सला गेली आणि क्लासच्या फीचा आकडा ऐकून घरात दोन दिवस कुणी नीट जेवलं नाही. फ्लॅटचा हप्ता होताच. बायको म्हणाली, मी पोळ्यांची ऑर्डर घेते. मी म्हणलं, तू आधीच पाचला उठतेस, मीच बघतो काहीतरी. आणि जून २०२५ मध्ये अॅप डाउनलोड केलं.

सुरुवात करणं सोपं आहे, हे मान्य करतो. आधार, पॅन, लायसन्स, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी आणि बँकेचं पासबुक, एवढ्याचे फोटो टाकायचे. चार दिवसांत फोन आला. त्याच्या आधी मात्र एका 'एजंट'चा फोन आला होता, किट आणि बॅगचे पंधराशे रुपये भरा म्हणून. मी भरले नाहीत. काम लावायला आधी पैसे मागणारा माणूस काम देणारा नसतो, तो पैसे घेणाराच असतो. आमच्या गल्लीतल्या एका पोराचे असेच गेले, म्हणून मुद्दाम लिहितोय.

हब म्हणजे सोलापूर रस्त्यापासून आत एक पत्र्याचं गोडाऊन. संध्याकाळी पाचला तिथं पोचायचं, आपल्या रूटची पार्सलं स्कॅन करून घ्यायची, बॅगेत लावायची. शेवटी द्यायचं पार्सल तळाला, पहिलं वर. हे कुणी शिकवत नाही. पहिल्या दिवशी मी उलटं लावलं आणि प्रत्येक दारात अख्खी बॅग उपसत बसलो. आणखी एक गोष्ट तिथं गेल्यावरच कळते. मोठ्या सोसायटीचा रूट म्हणजे लॉटरी. एका गेटवर वीस पार्सलं निघतात, गाडी एकदाच लावायची. ते रूट जुन्या पोरांकडं असतात. नव्या माणसाच्या वाट्याला वस्त्या येतात. मला गोपाळपट्टी, घुलेवस्ती, मोरे वस्ती हा पट्टा आला.

आता मांजरीकरांना पत्त्याचं सांगायला नको. 'सर्व्हे नंबर अमुक, मारुती मंदिरामागे, मांजरी बुद्रुक, पुणे' असा पत्ता. मंदिरं किती? आणि एकाच सर्व्हे नंबरात गुंठ्या-गुंठ्यानं विकून झालेली शंभर घरं. 'साई' नावानं सुरू होणाऱ्या इमारती मी एका रूटवर सात मोजल्या. मोबाईलवरची लोकेशनची टाचणी कधी कॅनॉलमध्ये दाखवते, कधी उसात. फोन लावला की समोरून, "पिवळ्या गॅरेजपाशी या ना." गॅरेज दोन वर्षांपूर्वी बंद झालेलं असतं, पण सांगणाऱ्याच्या डोक्यात ते अजून चालू आहे. आणि एकदा तर मांजरी खुर्दचं पार्सल माझ्या बॅगेत आलं. खुर्द नदीच्या पलीकडं, मी अलीकडं. अॅपला बुद्रुक काय आणि खुर्द काय.

हसू येतं, पण याचे पैसे डिलिव्हरीवाल्याच्या खिशातून जातात. दिलेल्या पार्सलचेच पैसे मिळतात. पत्ता सापडला नाही, दाराला कुलूप निघालं, ओटीपी आला नाही, तर त्या फेरीचं पेट्रोल आपलं आणि मेहनतही आपलीच. आपलं गाव २०२१ साली तेवीस गावांबरोबर महापालिकेत गेलं. ग्रामपंचायत गेली. लगेच मार्च २०२२ पासून महापालिकेवर प्रशासक बसला आणि नगरसेवक निवडायला जानेवारी २०२६ उजाडलं. मधल्या काळात गल्लीला नाव द्या, घरावर नंबर टाका, हे सांगायचं कुणाला? रस्ते-पाणी-कचऱ्यापुढं ही मागणी किरकोळ वाटते. पण रात्री अॅम्ब्युलन्ससुद्धा त्याच बंद गॅरेजपाशी उभी राहून फोन करते, हे ध्यानात घ्या.

आता हिशोब. माझा दर पार्सलमागं चौदा रुपये होता. तुमचा कमी-जास्त असेल. एका संध्याकाळी पस्तीस पार्सलं घेतली, एकोणतीस दिली. चारशे सहा रुपये. गाडी अडतीस किलोमीटर फिरली. थांबत-निघत, खड्ड्यांतून, वर ओझं, अशात माझी स्कूटर बेचाळीसचा अॅव्हरेज देते. पेट्रोलचे पंचाण्णव गेले. राहिले तीनशे अकरा. इथवर सगळे मोजतात. पण टायर, ऑइल, ब्रेक-लायनर, सर्व्हिसिंग हे मी वर्षभराच्या बिलांवरून काढलं तर किलोमीटरला दीड रुपया पडतो. म्हणजे आणखी सत्तावन्न. उरले दोनशे चौपन्न. वेळ साडेचार तास. तासाला छप्पन्न-सत्तावन्न रुपये. कॅश ऑन डिलिव्हरीत शंभराची नोट कमी भरली तर तीही आपल्याच खात्यातून कापतात, तसं माझ्याबाबतीत दोनदा झालं. वर एक टक्का टीडीएस जातो. तो परत हवा असेल तर रिटर्न भरावं लागतं. निम्मे लोक भरत नाहीत आणि पैसे सोडून देतात.

तरी महिन्याला सहा-साडेसहा हजार हातात राहायचे. फीचा हप्ता निघायचा. म्हणून चालू ठेवलं.

लाजेबद्दलही लिहितो, कारण विचारणाऱ्यांपैकी दोघांनी तेच विचारलं, "ओळखीचं कुणी भेटलं तर?" भेटतं. तिसऱ्याच आठवड्यात महादेवनगरला एक दार उघडलं ते पोरीच्या शाळेतल्या बाईंनी. मी हेल्मेट काढलंच नाही, मान खाली घालून ओटीपी विचारला. बाईंनी ओटीपी सांगितला आणि म्हणाल्या, "अहो, पाणी घेता का? आणि तिला म्हणावं, केमिस्ट्री सोडू नकोस." ओळखलं होतं त्यांनी. मी पाणी प्यालो. त्यानंतर हेल्मेट काढूनच बेल वाजवतो. लाज खरं तर दुसरीकडं वाटली, ज्या सोसायटीत मेव्हण्याचा फ्लॅट आहे तिथं. वॉचमन म्हणाला, "डिलिव्हरीवाल्यांनी मागच्या लिफ्टनं." दिवाळीत त्याच माणसानं मला पुढच्या लिफ्टपर्यंत सोडलं होतं.

आता मुद्द्याचं.

सप्टेंबरमध्ये एका संध्याकाळी पाऊस लागून राहिला होता. तीन पार्सलं उरली होती, पत्ते लागत नव्हते. मी ती 'अनडिलिव्हर्ड' मारली आणि परत द्यायला हबकडं निघालो. झेड कॉर्नरच्या अलीकडं रस्ता खोदून बुजवलेला, वर चिखल. गाडी सरकली. उजवं मनगट मोडलं, स्कूटरचा पुढचा भाग पूर्ण गेला. भाजीची गाडी लावून उभ्या असलेल्या दोन माणसांनी उचललं. हबला फोन केला. पलीकडून पहिला प्रश्न आला, "पार्सलं भिजली का?" त्या पोराला दोष देत नाही, त्याच्यावरही आकड्यांचं ओझं असतं. पण तो प्रश्न अजून कानात आहे.

दवाखान्याचे अडतीस हजार. आमच्या वर्कशॉपमध्ये ईएसआय आहे, पण त्याची पगाराची मर्यादा एकवीस हजार, मी त्याच्या वर. कंपनीचा म्हणून डिलिव्हरीवाल्यांचा अपघात विमा होता, तो काढला. उत्तर आलं की अपघाताच्या वेळी अॅपमध्ये तुमचा रूट बंद झालेला दिसतोय, त्यामुळं तुम्ही 'ड्यूटीवर' नव्हता. बॅगेत त्यांचीच तीन पार्सलं होती.

मग गाडीचा क्लेम. अकरा हजार चारशेचं काम होतं. क्लेम फॉर्ममध्ये 'अपघाताच्या वेळी वाहनाचा वापर' असा रकाना असतो. गॅरेजवाला म्हणाला, लिहा, कामावरून घरी जाताना. ओळखीच्या एजंटनंही तेच सांगितलं, सगळे तसंच लिहितात म्हणून. बायको म्हणाली, एवढंच तर लिहायचंय. रात्रभर विचार केला. डाव्या हातानं लिहिलं, 'पार्सल वाटप करून परतताना'. क्लेम नामंजूर.

घरात आठ दिवस बोलणं बंद होतं. अकरा हजार म्हणजे दोन महिन्यांच्या संध्याकाळी. बायकोचं म्हणणं चूक होतं असं मी आजही म्हणत नाही. मला खोट्याची भीती होती की पकडले जाण्याची, हे माझं मलाच नीट सांगता येत नाही. पण त्या निमित्तानं मी पॉलिसी पहिल्यांदा पूर्ण वाचली. सात वर्षं दरवर्षी प्रीमियम भरत होतो आणि वाचली कधीच नव्हती.

त्यात 'वापराच्या मर्यादा' म्हणून एक परिच्छेद असतो. तुमच्याही पॉलिसीत असेल, बघा. भाड्यानं किंवा मोबदल्यावर वापर आणि मालवाहतूक यांना खासगी गाडीचा विमा लागू नाही. स्वतःचं सामान नेलं तर चालतं. म्हणजे पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीवर पार्सलांची बॅग लावली की आपल्या गाडीच्या नुकसानीचे पैसे मिळण्याची खात्री गेली. आणि याहून मोठी गोष्ट म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्या कुणाला लागलं तर. पॉलिसीच्या अटी मोडल्या असतील तर विमा कंपनीनं आधी जखमीला पैसे द्यावेत आणि नंतर ते गाडीमालकाकडून वसूल करावेत, असे आदेश न्यायालयांनी अनेक प्रकरणांत दिलेले आहेत. मी त्या रात्री एकटा पडलो. समोरून एखादी म्हातारी बाई चालत येत असती तर? तासाला छप्पन्न रुपयांसाठी मी राहतं घर पणाला लावून फिरत होतो, आणि मला ते माहीतही नव्हतं.

सामील करून घेताना इन्शुरन्सचा फोटो अॅप मागतं. तो कुठल्या प्रकारचा आहे, हे मला कुणी विचारलं नाही.

कायद्याचं थोडक्यात. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० साली झाली, लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. म्हणजे माझ्या अपघातानंतर दोन महिन्यांनी. त्यात गिग आणि प्लॅटफॉर्म कामगार हे शब्द पहिल्यांदा आले. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के कल्याण निधीत भरायचे, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांहून जास्त नाही, अशी तरतूद आहे. त्यातून अपघात, आरोग्य वगैरे योजना व्हायच्या आहेत. राजस्थाननं २०२३ मध्ये आणि कर्नाटकानं २०२५ मध्ये स्वतःचा वेगळा कायदा केला. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात देशात २०२०-२१ मध्ये असे ७७ लाख कामगार धरले होते आणि २०२९-३० पर्यंत २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज दिला होता. एवढ्या लोकांच्या विम्यात 'हबकडं परतताना' ही वेळ कुणाच्या हिशोबात धरायची, एवढं जरी स्पष्ट झालं तरी पुष्कळ होईल. वर्कशॉपमध्ये माझं बोट मशीनमध्ये गेलं तर मी कामगार, नुकसानभरपाईचा कायदा आहे. साडेचारनंतर मी 'पार्टनर'.

मग मी सोडलं का? नाही. फीचा दुसरा हप्ता कुणी भरला असता? हात बरा झाल्यावर डिसेंबरपासून पुन्हा चालू केलं, पण पद्धत बदलली. रोजची संध्याकाळ बंद. फक्त शनिवार-रविवार दिवसा, आणि स्वतःच्या स्कूटरवर नाही, डिलिव्हरीच्याच कामासाठी भाड्यानं मिळणाऱ्या इलेक्ट्रिक गाडीवर. दिवसाचं भाडं दोनशे. दिवसा सत्तर पार्सलं होतात, भाडं जाऊन पावणेआठशेच्या आसपास राहतात. पत्तेही उजेडात सापडतात. स्वतःची वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी घेतली आणि तिथं व्यवसायाच्या रकान्यात 'पार्सल डिलिव्हरी' स्पष्ट लिहिलं. प्रीमियम थोडा जास्त पडला. बायकोनंच लिहायला सांगितलं.

ज्यांना चालू करायचंय त्यांनी पहिल्या दिवसाआधी विमा कंपनीला ईमेलवर विचारा, "या गाडीवर मोबदल्यावर पार्सल वाटप केलं तर कव्हर राहील का?" तोंडी 'हो' धरू नका. उत्तर लेखीच घ्या. हबवाल्यांना विचारा की विमा रूट बंद केल्यावर चालू राहतो का. शेवटचं पार्सल दिलं तरी हबला पोचेपर्यंत रूट बंद करू नका. ई-श्रमवर नोंदणी करून ठेवा, ती मोफत आहे, आधारला जोडलेला मोबाईल लागतो. कुणाला पॉलिसीतला तो परिच्छेद सापडत नसेल तर फोटो पाठवा, मी शोधून देतो. पॉलिसीवरचा नंबर, पत्ता झाकून पाठवा.

आणि शनिवारी मी मोरे वस्तीत आहे. ज्यांच्या घराला नंबर नाही त्यांनी दारावर निदान आडनाव लिहा, मोठ्या अक्षरात. 'गॅरेजपाशी या' म्हणू नका, ते बंद झालंय.