भांगाचं पाणी

मालवणला डायव्हिंगला यायचं म्हणणारी पुण्या-मुंबईची मंडळी आधी विचारतात, कोणता शनिवार-रविवार मोकळा आहे? मी पंचांग उघडते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाण्याला ओढ जबर, तळचा गाळ वर येतो आणि हातभर अंतरावरचा मासाही धूसर दिसतो. अष्टमीनंतरचे दोन-तीन दिवस भांगाचे. तेव्हा पाणी संथ असतं, गाळ खाली बसतो. दिवाळीची सुटी मात्र नेमकी अमावास्येला धरून येते आणि होळीची पौर्णिमेला. त्या दिवसांना मी नको म्हणते. गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. जाऊ दे.

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा हा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जसा वाघ, तसंच खडक बांधणारं प्रवाळही. तुटून पडलेला तुकडा आठवण म्हणून खिशात घालणं हासुद्धा गुन्हाच. पण खरं नुकसान खिशापेक्षा पायांनी होतं. कमरेला गरजेपेक्षा जास्त वजन बांधलेला नवखा माणूस पाण्यात उभा राहतो, तोल सावरायला फिन्स झाडतो आणि उडालेली वाळू प्रवाळावर बसते. ती झटकायला त्या इवल्या जिवांना चिकट स्राव सोडावा लागतो, त्यात त्यांची शक्ती खर्ची पडते. गोलसर, दगडासारखं प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं. एका लाथेचा हिशेब त्यावरून करावा.

म्हणून पहिली डुबकी नुसत्या वाळूवर. फुप्फुसं भरली की शरीर किंचित वर, श्वास सोडला की किंचित खाली. हात न हलवता एका जागी तरंगता आलं, तरच पुढे खडकाकडे. काहींचा अख्खा दिवस वाळूवरच जातो. फोटोत मासे नाहीत म्हणून ते रुसतात. (बहुतेक रुसवा जेवणात सुरमई आली की संपतो.)

परतीचा बेत कोणीच आखत नाही. चिपीला विमानतळ झाल्यापासून सकाळी डुबकी, दुपारी विमान असा सोपा विचार होतो. खोल पाण्यात रक्तात आणि ऊतींत विरघळलेला नायट्रोजन हवेचा दाब अचानक घटला तर बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडतो; सांधे धरतात, क्वचित जिवावर बेततं. एकाहून जास्त डुबक्यांनंतर विमानाआधी निदान अठरा तास जमिनीवर काढायचे. गाडीने जाणारेही सुटले नाहीत. आंबोली सुमारे ७०० मीटर उंच आहे आणि पुढे कोल्हापूर काय, पुणे काय, दोन्ही साडेपाचशेच्या वरच. तेव्हा शेवटचा दिवस किल्ला पाहायला आणि बाजारात फिरायला ठेवा, घाट दुसऱ्या दिवशी चढा.

आणि बुकिंगआधी बोटवाल्याला एवढं विचारा: नांगर कुठे टाकता? ‘वाळूत’ असं उत्तर चटकन आलं नाही, तर पैसे देऊ नका.