चिलिकेचे मुख कोण राखतो?

नागपूरकर भोसल्यांच्या इतिहासात ओडिशाच्या किनाऱ्यावरची चिलिका एखाद्या ओळीपुरती येते आणि मराठी वाचक ती ओलांडून थेट देवगावच्या तहाकडे जातो. थांबण्याजोगी जागा खरे तर तीच आहे. 1751 पासून ओडिशा भोसल्यांच्या अमलाखाली होता. सप्टेंबर 1803 मध्ये कर्नल हारकोर्टची इंग्रजी फौज गंजामहून निघाली आणि दहा-बारा दिवसांत पुरीला पोचली. नकाशा समोर धरला की हे नवल वाटते. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला चिलिकेचे खाजण, मधे वाळूची अरुंद पट्टी, आणि माणिकपटण्याजवळ त्या पट्टीला तोडणारे पाणी. पैलतीरावर थोडी माणसे नेटाने बसली असती, तर फौज वाळूतच अडकून पडली असती. पण मालुदचा भोसल्यांचा अंमलदार फतेह महंमद इंग्रजांना मिळाला, माणिकपटण्याचे ठाणे न लढता सुटले, आणि त्याला बक्षिसात सारामाफीची जमीन मिळाली. आपल्याकडे याला फितुरी म्हणून विषय मिटवतात. फितुरी ती होतीच. पण शेकडो कोसांवरच्या नागपूरशी त्या वाळूचे नाते साऱ्याच्या वसुलीपलीकडे फारसे नव्हते, हेही तितकेच खरे. चिलिका कोणाची, हे शेवटी तिच्या काठावर बसलेला माणूस ठरवतो. तलवारीच्या बाबतीत जे खरे ठरले, ते मासळीच्या आणि पाखरांच्या बाबतीतही खरे आहे, असे माझे म्हणणे आहे.

पुरीचे देऊळ आणि कोणार्क यांवर मराठीत पुरेसे लिहून झाले आहे; सिंहद्वारासमोरचा अरुणस्तंभ मराठी अमदानीतच कोणार्कहून आणलेला, एवढे नोंदवून चिलिकेकाठच्या सातपाड्याची बस धरावी. तिथल्या धक्क्यावर उतरताच डॉल्फिन दाखवणारे बोटवाले गराडा घालतात. ठरीव दर, ठरीव फेरी, डिझेलचा कानठळ्या बसवणारा भडभडाट. डॉल्फिनची पाठ पळभर दिसली न दिसली की दहा बोटी त्या दिशेने वळतात. मग शिंपला फोडून ‘खरा मोती’ काढून दाखवण्याचा खेळ. त्यापेक्षा जान्हीकुड्याला जाणारी फेरीबोट बरी. मोटारसायकली, भाजीच्या पाट्या आणि शाळकरी पोरे यांच्यात उभे राहिले की हे सरोवर म्हणजे वस्तीच्या मधले पाणी आहे, हे आपोआप समजते.

या पाण्याचा जीव समुद्राला मिळणाऱ्या मुखात आहे. दया, भार्गवी यांसारख्या नद्या उत्तरेकडून गोडे पाणी आणि गाळ आणतात. पावसाळी लाटा किनाऱ्याकिनाऱ्याने वाळू ईशान्येकडे ढकलतात आणि मुख त्याच दिशेला सरकत, अरुंद होत जाते. विल्यम हंटरने 1872 मध्ये ओडिशावर ग्रंथ लिहिला, त्यात चिलिका ही नदीचा गाळ आणि समुद्राची वाळू यांच्या झुंजीची रणभूमी होते. चित्र झकास आहे, पण त्यात माणूस नुसता बघ्या. इथे हंटरशी पटत नाही. माणिकपटण्याच्या उत्खननात ख्रिस्तोत्तर पहिल्या शतकांच्या आसपासच्या नक्षीदार भांड्यांपासून मध्ययुगीन चिनी भांड्यांपर्यंतचे तुकडे मिळाले. टॉलेमीने ज्या पलौरा बंदराचा उल्लेख केला, ते चिलिकेच्या दक्षिणेकडचे पालुर, असे बरेच अभ्यासक मानतात. मुख हलत असतानाही इथली वाहतूक एवढा काळ टिकली याचा अर्थ, खलाशी आणि कोळी मुखाचा माग ठेवून होते. सरोवर आपोआप तगले आणि माणसाने ते फक्त वापरले, हा हिशेब जमत नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरीस हा माग सुटला. 1981 मध्ये महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेलेली चिलिका 1993 मध्ये धोक्यातल्या पाणथळींच्या माँत्रो नोंदीत पडली. खारेपणा उतरला, गोड्या पाण्यातले तण माजले, मासळी वर्षाला दोन हजार टनांच्याही खाली आली. 23 सप्टेंबर 2000 रोजी सातपाड्याजवळ नवे मुख खोदले, समुद्राकडची वाट अठरा किलोमीटरने आखूड झाली आणि थोड्याच वर्षांत मासळी दहा हजार टनांवर गेली. 2002 मध्ये माँत्रो नोंदीतून नाव निघाले. आशियातले हे पहिलेच. कोणी म्हणेल, हे काम इंजिनिअरांचे. प्रवाहाचा अभ्यास आपल्या खडकवासल्याच्या संशोधन केंद्रात झाला, त्यात काठावरच्या माणसाचा काय हात? कुठे खणायचे, हे शास्त्राने सांगितले, मान्य. पण मुख एकदा खणून सुटका होत नाही. 2019 च्या फनी वादळात समुद्राने स्वतःच आणखी तोंडे फोडली. पाणी रोज चाखणाऱ्याला खारेपणाचा बदल जेवढ्या लवकर कळतो, तेवढ्या लवकर तो अहवालात येत नाही.

खरा पुरावा मात्र उत्तर काठावर, मंगलाजोडीला. हे गाव पाखरे मारण्यासाठी कुप्रसिद्ध होते. विष, जाळी, बंदूक, काहीही चाले. 2000 च्या सुमारास तिथे श्री श्री महावीर पक्षी सुरक्षा समिती उभी राहिली आणि जुने शिकारीच राखणदार झाले. त्यांच्या नावेला इंजिन नाही. बांबूने रेटत नळांच्या बेटांमधून ती सरकते. पाणटिवळा हाताच्या अंतरावर चिखलात अर्धी चोच खुपसून उभा असतो, आत चोचीचे नुसते टोक उघडून किडा चिमटीत धरतो, आणि नाव जवळ आली तरी उडत नाही. हा पाहुणा, मार्चनंतर जाईल. शेकाट्या जात नाही. लालचुटूक काटकुळ्या पायांचा हा पक्षी ऐन उन्हाळ्यात पाण्याच्या कडेला चिखल-काडीच्या उंचवट्यावर ठिपक्यांची चार अंडी घालतो, आणि पाणी चढू लागले की काड्या सारून घरटे वर उचलत राहतो. कमळपक्ष्याची मादी तरंगत्या पानांवर अंडी घालून दुसरा नर शोधते. उबवणी नराच्या गळ्यात. म्हशीचा एक पाय, अंडी वेचणारे एक पोर, की हंगाम फुकट.

नळबण बेटाचे 15.53 चौरस किलोमीटरचे अभयारण्य कायद्याने राखले आहे आणि तिथे पाय ठेवायला बंदी आहे, हे योग्यच. जानेवारीतल्या गणनेत अलीकडे दहा लाखांवर पक्षी भरतात, पेपरात मथळे येतात. तो बहुतांशी पाहुण्यांचा आकडा आहे. मे महिन्यात पर्यटक नसतात, कॅमेरे नसतात. शेकाट्याच्या अंड्यांशेजारून जाणारा असतो फक्त कोळी किंवा गुराखी. घरच्या पाखरांचे भवितव्य त्याच्या मर्जीवर आहे.

यावर तिखट आक्षेप असा, की हाच काठावरचा माणूस कोळंबीसाठी ‘घेरी’ घालतो, बांबू आणि बारीक जाळ्यांनी पाणी अडवतो. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये सरोवरापासून हजार मीटरच्या आत कोळंबीची तळी नकोत असे सांगितले, तरी घेऱ्या उठल्या नाहीत. आक्षेप अर्धा खरा आहे. काठावरचे सगळे एक नव्हेत. पिढीजात कोळ्याचे पाणी पैसेवाल्याच्या हाती गेले, तेव्हा त्याविरुद्ध उभे राहिले ते कोळीच. मे 1999 मध्ये सोराणा गावी पोलिसांच्या गोळीबारात चार जणांचे प्राण गेले. मंगलाजोडीचा शिकारी राखणदार झाला तो जिवंत पाखरावर त्याची चूल पेटू लागल्यामुळे. घेरीवाल्याची चूल पाणी अडवण्यावर पेटते. म्हणून काठावरच्या कोणाच्या हाती पाणी द्यायचे, हा वाद टाळता येत नाही. पिढीजात कोळ्यांच्या सहकारी संस्थांना पाण्याचा हक्क द्यावा, घेऱ्या एकदा तोडून परत उगवू देऊ नयेत, आणि जानेवारीच्या जोडीला मे-जूनमध्ये घरट्यांचीही मोजणी व्हावी. ती मंगलाजोडीच्याच नावाड्यांकडून, रोजाचे पैसे देऊन.