समुद्र नाही, तरी खारं!

तारकर्ली-देवबाग झालंय ना? मग कर्ली नदी समुद्राला मिळते तो संगम पाहिलाच असेल. खाडीचा हिशेब सोपा असतो. नदी पाणी आणते, भरती आत शिरते, ओहोटी बरंचसं घेऊन जाते. दार उघडं, म्हणून होड्या लागतात, मासळी येते. या वीकेंडला मी मात्र दारच नसलेलं खारं पाणी बघायला गेलो. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार!

समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. उल्का आदळून बेसॉल्टमध्ये पडलेला हा खड्डा सुमारे १.८ किलोमीटर रुंद. वय? आधी ५२ हजार वर्षं म्हणायचे, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीने ते ५.७ लाखांवर नेलं. काठावरून ‘धार’ हा गोड्या पाण्याचा झरा बारा महिने आत पडतो. पावसाचं पाणीही आतच. बाहेर पडायला एकही ओढा नाही. पाणी वाफ होऊन उडतं, क्षार मागे राहतात. पीएच साधारण १०, म्हणजे जवळजवळ साबणाचं पाणी!

गंमत म्हणजे, लोकांनी खरंच त्याचा तसा उपयोग केला. काच आणि साबणासाठी लागणारा माल इथे मिळतो, अशी नोंद अकबराच्या काळातल्या ‘ऐन-ए-अकबरी’त आहे. इंग्रजांच्या काळातही इथले क्षार काढले जात. डल्ला, पापडी अशी त्यांची खास नावं होती. आपल्या किचनमधला पापडखार याच जातीचा.

२००० मध्ये इथे अभयारण्य झालं. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं आणि सगळ्यांनी फोटो फॉरवर्ड केले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कारण शोधलं: खारटपणा वाढला की फोफावणारे सूक्ष्मजीव. त्याच वर्षी लोणार रामसर यादीतही गेलं.

पण बॉस, दार नसण्याची दुसरी बाजूही आहे. गावाचं सांडपाणी, शेतातली खतं, आपली वेफर्सची पाकिटं, जे आत जातं ते आतच राहतं. ओहोटी येऊन साफसफाई करणार नाही. आणि इथली जीवसृष्टी या तिखट पाण्यावरच जगते, ते बदललं तर तिला जायला दुसरी जागा नाही.

छत्रपती संभाजीनगरहून साधारण दीडशे किलोमीटर. पहाटे पोचा, गावातलं दैत्यसूदन मंदिर चुकवू नका. आणि कचरा? सोबत आणलात, सोबतच परत न्या.