फक्त सहा महिने?

2003 सालची दिवाळी सरली होती, वाडीत भाताची झोडणी उरकली होती आणि रत्नागिरीच्या टॉकीजला ‘बागबान’ लागला होता. शाळेतल्या सहशिक्षिका पाहून आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांचे डोळे अजून सुजलेले. ‘आईला घेऊन जा,’ त्या म्हणाल्या. आईला सांगितलं तर ती एकटी कशी येणार? काकू आली, शेजारच्या दोन वहिनी आल्या, वरच्या वाडीतली आते आली. पावसकडच्या वाटेवरचं आमचं गाव. दुपारच्या एसटीने भाट्याचा पूल ओलांडून आम्ही सहा बायका शहरात उतरलो.

या पाचही जणींचे नवरे एके काळी मुंबईला नोकरीला होते. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साच्यावर, काका गोदीत, बाकीचे असेच कुठे कुठे. 2001च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1136 बायका भरल्या. हा आकडा मी वर्गात मुलांना सांगत असे. त्या दिवशी त्या आकड्यातल्या पाच जणी माझ्या शेजारी रांगेत बसल्या होत्या.

रवी चोप्रांच्या या चित्रपटाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. अमिताभ बच्चन बँकेतून निवृत्त होतो, हेमा मालिनी त्याची बायको. चार मुलं. आईवडिलांना एकत्र सांभाळायला कुणीच तयार नाही, म्हणून वडील एका मुलाकडे, आई दुसऱ्याकडे, सहा महिन्यांनी अदलाबदल. मराठीला ही गोष्ट नवी नव्हती. राजा परांजपे यांचा ‘ऊन पाऊस’ 1954चा. 1998मध्ये स्मिता तळवलकरांनी निर्माण केलेल्या आणि संजय सूरकरांनी दिग्दर्शित केलेल्या ‘तू तिथे मी’मध्ये मोहन जोशी आणि सुहास जोशी यांची अशीच ताटातूट होते. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला आणि तो योग्यच होता. तो मी एकटीने पाहिला होता. आईला तेव्हा नेलं नाही, याची रुखरुख पाच वर्षं मनात होती.

टॉकीज भरलेलं होतं. पुढे कॉलेजची मुलं, मागे बाल्कनीत शहरातली कुटुंबं. नवराबायकोला वेगळं करायचा निर्णय झाला तसा बाल्कनीतून हुंदक्यांचा आवाज यायला लागला. माझ्या पुढच्या रांगेतली एक मुलगी आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. माझाही गळा दाटून आला. मी वळून पाहिलं, तर आमच्या पाचही जणी कोरड्या डोळ्यांनी पडद्याकडे बघत होत्या. काकूने आईच्या कानाशी वाकून विचारलं, पण काकूचं कुजबुजणंही चार रांगांना ऐकू जाई.

‘किती दिवसांसाठी गो?’

‘सहा महिने.’

‘फक्त सहा महिने?’

पुढच्या एका बाईंनी रागाने मागे पाहिलं. काकूने त्यांची थट्टा केली नव्हती. तिला खरोखरच कळत नव्हतं की एवढ्यासाठी एवढी माणसं का रडतात. लग्नानंतर पंधरा दिवसांत काका बोटीने मुंबईला गेले होते आणि पुढच्या शिमग्यापर्यंत तिने त्यांचं तोंड पाहिलं नव्हतं.

सलमान खान आला तेव्हा मुलांनी शिट्ट्यांनी टॉकीज डोक्यावर घेतलं. नातू आजोबांना जीव लावतो तिथे वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. रात्री टाइपरायटरचा आवाज होतो म्हणून सासऱ्याला सुनावणाऱ्या सुनेला मागून कुणीतरी शिवी हासडली. हे सगळं होईल असं वाटतच होतं. पुढे जे झालं, त्याची मला कल्पना नव्हती.

सहा महिने संपतात. एकमेकांच्या जागी जायला निघालेले नवराबायको वाटेत विजयनगरला उतरतात आणि मुलांना न सांगता काही काळ एकत्र काढतात. फिरतात, जेवतात, हसतात. सगळं टॉकीज सैलावलं होतं. पुढची मुलगी डोळे पुसून हसत होती. आणि माझ्या शेजारी आई रडत होती. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. पलीकडे काकू पदरात तोंड खुपसून बसलेली. आते उठून बाहेरच गेली. बाल्कनी हसत होती तेव्हा आमची रांग रडत होती.

मला उलगडायला थोडा वेळ लागला. ताटातूट हा त्यांचा रोजचा संसार होता, तिच्यासाठी रडायचं त्यांनी कधीच सोडलं होतं. मोजून मिळालेले दिवस मात्र त्यांच्या ओळखीचे होते. गणपतीचे, शिमग्याचे, मे महिन्यातले. चाकरमानी आला की पहिल्या रात्रीपासून परतीच्या गाडीची तारीख घरात येऊन बसते. पडद्यावर ती दोघं हसत होती आणि आमच्या बायकांना ती तारीख दिसत होती.

शेवटी मुलं माफी मागायला येतात आणि हेमा मालिनी त्यांना नकार देते. आई म्हणून कदाचित माफ करीन, पण नवऱ्याला रडवलंत हे बायको म्हणून माफ करणार नाही, अशा अर्थाचं बोलते. त्या वेळी टाळ्या आमच्या रांगेतून सुरू झाल्या. आईला जाहीरपणे टाळ्या वाजवताना मी पहिल्यांदा पाहिलं.

रहाटाघरच्या स्टँडवर गाडीची वाट पाहताना काकू म्हणाली, ‘त्यांना निदान दुष्ट पोरं होती. शिव्या तरी घालता आल्या. आम्ही कुणाला घालायच्या?’

या वाक्यापाशी मी अजून अडकलेली आहे. अशा चित्रपटांना कुणीतरी दोषी लागतो, म्हणजे प्रेक्षकाला आपले अश्रू कुठे ढाळायचे ते कळतं. आमच्याकडे दोषी कोण होतं? डोंगरउतारावरची दोन गुंठ्यांची जमीन, पावसाळ्याच्या एका भातावर न भरणारी पोटं, लालबाग-परळमध्ये वीस पुरुष पाळीपाळीने झोपतील अशी गावकीची खोली, जिथे बायकोला न्यायची सोय नाही. याचं दुःख पडद्यावर कुणी दाखवलं नाही, म्हणून ते प्रेमही कुणाला दिसलं नाही. टिकाऊ प्रेमाची गोष्ट म्हटली की अजूनही दोघं शेजारी बसलेली दाखवतात. अर्ध्या कोकणाचं प्रेम शेजारी बसलेलं नव्हतंच.

रात्री आई नि मी अंगणात बसलो होतो. तिने विचारलं, ‘ह्यांचे नि माझे दिवस किती होतील गो? तू शिकलेली, मोज.’ लग्न 1955चं. 18 जानेवारी 1982ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढच्या वर्षी वडील कायमचे घरी आले. वर्षाला साधारण चाळीस दिवस धरले तर संपापर्यंतच्या सत्तावीस वर्षांत 1080 दिवस होतात. तीन वर्षंसुद्धा नाहीत. मी आकडा सांगितला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘पण त्यात भांडलो नाय कधी. वेळच कुठे होता?’

घरी आल्यानंतर वडील अकरा वर्षं जगले. त्या अकरा वर्षांत मात्र ती दोघं खूप भांडली. मीठ कमी पडलं म्हणून, चहा निवला म्हणून, गाईला वेळेवर सोडलं नाही म्हणून. मला तेव्हा त्याचा त्रास व्हायचा. त्या रात्री पहिल्यांदा वाटलं, ते भांडण ही तिची चैन होती.

आई 2011मध्ये गेली. तिच्या पत्र्याच्या पेटीत मनीऑर्डरची कुपनं सापडली, वर्षावर्षाच्या जुड्या बांधलेली. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली निरोपासाठी छोटीशी जागा असे, तो तुकडा पोस्टमन पैशाबरोबर देऊन जाई. आईला वाचता येत नव्हतं. पोस्टमन पडवीत उभा राहून वाचून दाखवी, त्यामुळे वडील त्याच्यासमोर वाचता येईल तेवढंच लिहीत. तब्येत बरी आहे. छपराची कौलं बदलून घे. बाळीला शाळेत घाल. शेवटचं कुपन जानेवारी 1982चं आहे. त्यावर एवढंच लिहिलंय, ‘पुढच्या महिन्याचे सांगता येत नाही. वाट बघू नको.’ त्या ओळीखाली पेन्सिलीने काढलेली एक वेडीवाकडी फुली आहे, आणि घरात अक्षर न येणारी माझी आई एकटीच होती.