ऑन-कॉल

परवा शनिवारी ड्रॉवर आवरायला काढला आणि तळाशी ऑक्सिमीटर सापडला. आतले सेल कधीच गळून गेलेले. टाकून द्यायला म्हणून उचलला आणि... पुन्हा होता तिथेच ठेवला. आवराआवर तिथेच थांबली. म्हटलं, चला, आता एकदा लिहूनच काढू.

एप्रिल २०२१, पुणं, दुसरी लाट. बाबांना लशीचा पहिला डोस मिळून जेमतेम दहा दिवस झाले होते आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. बेड मिळणं मुश्कील होतं. ऑक्सिजन ९६ होता, त्यामुळे डॉक्टर म्हणाले, "घरीच ठेवा. ९४ च्या खाली गेला तर मात्र लगेच फोन करा." आतली खोली बाबांची, हॉलमध्ये मी आणि आई. ताई नाशिकला, तिचं बाळ दीड वर्षाचं, तेव्हा तिला यायचं नाही म्हणून आम्हीच बजावलेलं.

आता अशा वेळी इंजिनियर माणूस काय करणार? मी एक्सेल शीट केलं! दर दोन तासांनी ऑक्सिजन, नाडी, ताप. ९४ च्या खालचा आकडा आला की रकाना लाल. वर ग्राफ वगैरे. रात्री अकरा, एक, तीन, पाचचे गजर. दिवसा ऑफिसचा कॉल म्यूट करून बाबांच्या दाराशी. पालथं झोपायला सांगायचं, सहा मिनिटं चालायला लावून परत रीडिंग घ्यायचं. आई काही करायला आली की मी म्हणायचो, "तू झोप गं, मी आहे ना." सगळं कसं कंट्रोलमध्ये!

सातव्या रात्री तीन वाजता आकडा आला ८९.

आणि मी ओरडलो. "पालथे झोपा म्हणून किती वेळा सांगितलं, बाबा! तुम्हाला कळत कसं नाही?" आयुष्यात बाबांवर आवाज चढवला नव्हता. ते काही बोलले नाहीत. आई मास्क लावून आत आली. पंख्याखाली त्यांचे हात गारठले होते. तिनं बोटं चोळली, दुसऱ्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, जरा थांबली. ९५. गार बोटावर रीडिंग चुकतं हे मला माहीत होतं, पण त्या क्षणी काहीच आठवलं नाही.

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडलो. बाहेर आलो तर आई दाराशी.

"झालं रडून? मी रोज दुपारी भांडी घासताना उरकून घेते."

एका घरात दोन माणसं, दोन नळ आणि एकमेकांना पत्ता नाही. माझ्या शीटमध्ये आम्हा दोघांसाठी रकानाच नव्हता!

सकाळी ताईला सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या ऑफिसात एकच माणूस चोवीस तास सपोर्टला ठेवतात का रे?" उत्तर नव्हतं. मग वाटण्या झाल्या. नातेवाइकांचे फोन ताईकडे. दुपारी व्हिडिओ कॉलवर बाबांशी गप्पाही तिच्याच, तेवढा वेळ आई झोपणार. रात्र मी आणि आई अर्धी-अर्धी. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, शांत झोपले असतील तर दर दोन तासांनी उठवू नका. मॅनेजरपासून लपवलं होतं, त्यालाही सांगून टाकलं. त्यानं रिलीजचं काम दुसऱ्याकडे दिलं. एवढं सोपं होतं! भीती तशीच राहिली, फक्त ती एकट्याची उरली नाही.

बाबा बरे झाले. त्या लाटेत सगळ्यांच्याच घरी असं झालं नाही, त्यामुळे हे वाक्य लिहितानाही जरा अपराधी वाटतं.

सॉरी मी दहाव्या दिवशी म्हटलं, दाराबाहेरूनच. आतून बाबा म्हणाले, "अरे, ओरडलास ते बरं झालं. आठवडाभर तू नुसता आकडाच विचारत होतास."

असो. काल नवीन सेल आणून टाकले. चालतोय अजून.