गंगाखेडपर्यंतची वारी

वारी करायची तर घराच्या उंबऱ्यापासून पंढरीच्या महाद्वारापर्यंत, सगळी आणि पायी. मधल्या गावात दिंडीला मिळायचं, दोन-चार मुक्काम चालायचं आणि एसटी धरून घरी परतायचं, याला दर्शन म्हणा, हौस म्हणा, वारी म्हणू नका, असं माझं ठाम मत होतं. पारावर, कीर्तनाला आलेल्या मंडळींत मी ते बोलूनही दाखवत असे. आज ते माझं मत राहिलेलं नाही. ते कसं पालटलं हे मोकळेपणानं सांगावं, म्हणून हे लिहितो आहे.

ते मत काही उगाच बनलेलं नव्हतं. आमचं गाव जिंतूर तालुक्यातलं. आण्णा, म्हणजे आमचे वडील, माळकरी. एकादशी कुणी अर्ध्या दिवसाची धरत नाही, मग वारी अर्ध्या वाटेची कशी धरायची, असं ते म्हणत आणि तसंच वागत. परभणीच्या माणसाला पंढरपूर जवळही नाही. आळंदीहून ते अडीचशे किलोमीटरच्या आसपास. आमच्याकडून गंगाखेड, परळी, अंबाजोगाई, कळंब, तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा अशी वाट धरली, तर अंतर तीनशेच्या पुढे जातं. याच वाटेनं शेगावच्या गजानन महाराजांची पालखी येते. बुलढाणा जिल्ह्यातून निघून अकोला, वाशिम, हिंगोली मागे टाकत ती परभणीत पोचते, तेव्हा तिची बरीच वाट सरलेली असते आणि बरीच उरलेली असते. एका बाजूचा तिचा प्रवास सातशे किलोमीटरच्या घरात, महिनाभराचा. पांढऱ्या पोशाखातले ते वारकरी, टाळ एका ठेक्यात, रांग कुठं वाकडी नाही. लहानपणापासून हे बघितलेल्या माणसाला पूर्ण वारीचंच मोल वाटणार. मलाही तेच वाटत होतं.

नोकरीतून मोकळा झाल्यावर मी आमच्या भागातल्या एका दिंडीत जाऊ लागलो. मोठी बहीण, आमची आक्का, गंगाखेड तालुक्यात दिलेली. एका वर्षी ज्येष्ठात तिचा फोन आला. "परभणीला येते. तिथून गंगाखेडपर्यंत चालते तुझ्यासंगं. पुढं नाही जमायचं मला."

मी म्हणालो, "आक्का, घाई कशाला? पुढच्या वर्षी सगळीच वारी कर की."

ती म्हणाली, "पुढच्या वर्षी बी पेरणी जूनमधीच येणार हाय रे."

या एका वाक्यात तिनं मला जे सांगितलं, त्याचा विचार मी तोवर केलेला नव्हता. आषाढी एकादशी येते जूनच्या अखेरीला किंवा जुलैत, म्हणजे दिंड्या निघतात त्या ऐन मृगात. परभणीच्या काळ्या जमिनीत सोयाबीन, कापूस, तूर, मूग यांची पेरणी याच दिवसांत होते. वाफसा आला की शेतकऱ्याला एक दिवसही सोडता येत नाही. पेरणी साधली तर वर्ष साधलं. अशा दिवसांत घरचं एक माणूस महिनाभर बाहेर पडतं, ते कुणीतरी मागे थांबतं म्हणूनच. माझ्या मागे माझी बायको आणि मुलगा थांबले होते. आक्काच्या मागे थांबायला कुणी नव्हतं. भावजींना दम्याचा त्रास, सून बाळंतपणाला माहेरी गेलेली, गोठ्यात दोन म्हशी. तिला सुटतील ते दिवस तिनं विठ्ठलाला द्यायचे ठरवले होते, आणि त्यांना वारी म्हणायचं की नाही हे ठरवायला मी बसलो होतो.

आक्का परभणीला आली. सोबत एक कापडी पिशवी. तीत धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लुगडं आणि आईच्या वेळची पितळी फुलपात्री. दिंडीत आम्ही वेगवेगळे चालायचो. पुरुष टाळकरी विणेकऱ्याच्या पुढं, बायका मागं, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या. वृंदावन आळीपाळीनं घ्यायचं असतं. आक्काची पाळी आली की ती मान ताठ ठेवून, एक हात कमरेवर, अशी चालायची, की मागं वळून बघितल्याशिवाय राहवत नसे. आदल्या रात्री पाऊस झालेला. रस्ता डांबरी, पण विसाव्याला कडेला उतरलं की काळी माती चपलेला धरायची आणि पाय जड व्हायचा. बायका दगडाच्या कडेवर चपला घासायच्या, हसायच्या आणि परत ओळीत लागायच्या.

विसाव्याला आणि संध्याकाळी हरिपाठ संपला की आक्का माझ्याजवळ येऊन बसायची. आईवडील गेल्यानंतर भाऊ-बहिणीच्या भेटी कशा होतात ते आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. राखी, भाऊबीज, लग्नकार्य. त्यातल्या प्रत्येक भेटीत एक पाहुणा असतो आणि एक यजमान. चहा, जेवण, साडीचोळी, परतीच्या गाडीची वेळ, यातच दिवस सरतो. दिंडीत आम्ही दोघं एकाच पंगतीला, एकाच राहुटीच्या सावलीत होतो. तिला माझं आदरातिथ्य करायचं नव्हतं, मला तिचं. किती वर्षांनी आम्ही नुसते भाऊ-बहीण होतो.

दैठण्याच्या मुक्कामी ती आण्णांविषयी बोलली. मी धाकटा, मला आण्णांची वारी आठवते ती निघतानाची आणि परततानाची. कपाळाला बुक्का, हातात पताका, परतल्यावर लाह्या-बत्ताशांचा प्रसाद. आक्काला त्या दोन दिवसांच्या मधला महिना आठवत होता. "आण्णा वारीला गेले की पहिली खुरपणी आईच्या आन माझ्याच अंगावर असायची," ती म्हणाली. "आई खुरपता खुरपता म्हणायची, आज आण्णा परळीला पोचले असतील, आज अंबाजोगाईला. आम्ही रानातूनच चालायचो त्यांच्यासंगं."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. आण्णांविषयी तिच्या मनात माझ्याइतकाच आदर आहे. पण मी ज्या पूर्ण वारीचा दाखला देत आलो होतो, ती आमच्या घरातल्या तीन माणसांनी मिळून पूर्ण केलेली होती. चालले एक आणि पेललं तिघांनी. आईनं कधी पंढरीची वाट पायी धरली नाही. तिला मी वारकरी म्हणणार नाही का? म्हणणारच. मग जी बाई प्रत्यक्ष टाळ-मृदंगाच्या मागं, डोक्यावर तुळस घेऊन परभणी ते गंगाखेड चालली, तिला कोणत्या तोंडानं नाही म्हणू?

गंगाखेडला गोदावरीच्या काठी निरोपाची वेळ आली. आमच्याकडे या नदीला गंगाच म्हणतात. हे संत जनाबाईंचं गाव. परंपरा सांगते, की दमा आणि करुंड यांची ही लेक लहान वयात इथून पंढरपूरला गेली, नामदेवांच्या घरी वाढली, राबली आणि दळणकांडण करता करता तिनं अभंग रचले. तिला विठ्ठल भेटला तो जात्यापाशी. जनाबाईंच्या गावात उभं राहून कामाच्या माणसाची भक्ती उणी म्हणायला जीभ वळत नाही. वारीत भेटताना आणि निरोप घेताना एकमेकांच्या पायाला हात लावायची रीत आहे, तिथं वय बघत नाहीत. मी वाकायच्या आत आक्काच वाकली. "माउली," म्हणाली. मग मी तिच्या पायावर डोकं ठेवलं. आण्णा-आई गेल्यापासून मी कुणाच्या पायावर तसं डोकं ठेवलं नव्हतं.

पुढची वाट मी तिच्याशिवाय चाललो आणि परंपरेकडे नव्यानं बघत चाललो. वारकरी पंथाच्या मुळाशीच चार भावंडं आहेत. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतल्यावर निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई ही चौघं आळंदीहून शुद्धिपत्रासाठी पैठणला गेली, असं परंपरा सांगते. पैठणची गोदावरी तीच पुढं गंगाखेडच्या घाटाला येते. परतताना ही भावंडं नेवाशाला राहिली आणि शके १२१२ मध्ये तिथं ज्ञानेश्वरी झाली. एवढी वाट एकत्र चाललेली ही भावंडं शेवटी चार दिशांना विसावली. ज्ञानदेव आळंदीला, सोपानकाका सासवडला, मुक्ताई तापीकाठी, निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वरला. आता दरवर्षी आषाढीला चौघांच्या पालख्या चार ठिकाणांहून निघतात. प्रत्येकीची वाट वेगळी, अंतर वेगळं. वेळापूरहून भंडीशेगावला जाताना टप्पा नावाच्या ठिकाणी माउलींची आणि सोपानकाकांची बंधुभेट होते. दोन्ही रथ शेजारी येतात, मानकरी एकमेकांना श्रीफळ देतात, आणि बघणाऱ्यांचे डोळे भरून येतात. दोन भाऊ सगळी वाट बरोबर का चालले नाहीत, असं तिथं कुणी विचारत नाही. भावंडांनी वाटेतला एक तुकडा एकत्र काढायचा, ही रीत वारीनंच जपलेली आहे. मी ती बघत होतो, पण माझ्या घराला लावून बघितली नव्हती.

दुसरी गोष्ट आठवली कोरोनाची. २०२० आणि २०२१ साली नेहमीचा पायी सोहळा झाला नाही, मानाच्या पालख्यांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला नेल्या. ज्ञानोबा-तुकोबांची वारी त्या दोन वर्षांत चुकली, असं एकाही वारकऱ्यानं म्हटलेलं मी ऐकलं नाही. जे शक्य होतं ते निष्ठेनं झालं, म्हणून ती वारी झाली. माउलींच्या पादुकांना लावलेला नियम माझ्या बहिणीला लावायला मी का कचरत होतो, याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं.

याचा अर्थ पूर्ण वारीचं मोल माझ्या लेखी कमी झालं असा नाही. महिनाभर ऊन-पाऊस झेलणं, मिळेल ते खाणं, अनोळखी माणसाच्या पाठीला पाठ लावून झोपणं, रोज काकडा आणि हरिपाठ न चुकवणं, यानं माणूस घडतो. ज्याला जमतं त्यानं ती जरूर करावी. मीही करतो आणि अंगात बळ आहे तोवर करणार. बदललं ते एवढंच, की अंतरावरून भक्ती जोखायचं मी सोडून दिलं. किती चालला याच्या आधी मी आता विचारतो, मागे काय ठेवून आला आणि कुणी सांभाळलं.

आक्का आता आषाढाची वाट बघते. पेरणी उरकलेली असेल तर ती परळीपर्यंत येते, नसेल तर गंगाखेडलाच थांबते. दोन्ही वेळी तिची वारी पूर्ण होते, असं मी मानतो.

म्हणून दिंडीचालकांना माझी एक विनंती आहे. वाटेवरच्या गावांतून दोन-तीन मुक्कामांसाठी येणाऱ्या बायकांची नोंद आधी घ्या, त्यांना पंगतीत आणि राहुटीत हक्काची जागा द्या, त्यांच्या अंघोळीची आणि स्वच्छतागृहाची सोय आधी बघा. त्या पाहुण्या म्हणून येत नाहीत, वारकरी म्हणून येतात. आणि वारीला निघणाऱ्या भावांनो, तुमच्या वाटेवर कुठंतरी तुमची बहीण दिलेली असेल. निघायच्या आधी तिला फोन करा. तिला जमेल तिथून येऊ द्या, जमेल तिथपर्यंत चालू द्या. तिच्या घरची पेरणी राहिली असेल, तर तिला घेऊन जाण्याआधी एक दिवस तिच्या शेतात जा आणि पाभर धरा. ती सेवाही पांडुरंगाच्या पायीच रुजू होते.