व्यंजनांपुरती जागा

‘स्वच्छ’ हे विशेषण आम्ही मराठीचे अध्यापक फार सैलपणे वापरतो. स्वच्छ शैली, स्वच्छ उच्चार, स्वच्छ सूर... या शब्दाला मोजमापही असू शकते, याची जाणीव आम्हां दोघांना करून दिली ती गिटारच्या एका जुन्या अँप्लिफायरने.

निमित्त होते मराठी भाषा गौरव दिनाचे. २७ फेब्रुवारीला वाकडमधल्या आमच्या सोसायटीच्या आवारात काही विद्यार्थ्यांचे काव्यवाचन आणि जोडीला एकाची इलेक्ट्रिक गिटार, असा बेत ठरला होता. त्या मुलाचा अँप्लिफायर व्हॉल्व्हचा, १५ वॅटचा. खोलीत तो मोठा गोड वाजे. उघड्यावर मात्र, मुंबई-बंगळूर महामार्गाच्या अखंड घरघरीवर मात करण्यासाठी आवाज वाढवला, की सूर फाटत. वाचणारी मुलगी वाकडच्याच शेतकरी घरातली. तिच्या कवितेत विकल्या गेलेल्या वावरांची नावे एकामागून एक येतात: ओढ्याकाठचे, चिंचेखालचे, थडीचे. तिच्यापुढे माईक होता, तरी तालमीत ती नावे कोणाला धड कळली नाहीत. ती एवढेच म्हणाली, “सर, बाकीचं जाऊ दे, नावं तरी ऐकू यायला हवीत.”

गंमत अशी, की तिचे स्वर ऐकू येत होते. व्यंजने बुडत होती. त्याला कारण आहे. व्यंजने ओळखू येतात ती मुख्यतः २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यातल्या ध्वनींवरून, आणि ही ऊर्जा मुळात फार थोडी असते. गिटारचा सूर फाटतो तेव्हा मूळ सुराच्या पटीतले नवे ध्वनी जन्माला येतात आणि नेमका तोच पट्टा व्यापतात. दोन तारा एकत्र छेडल्या, तर त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचेही ध्वनी त्यात मिसळतात. भाषाविज्ञानाच्या तासाला आम्ही स्पर्श आणि घर्षक व्यंजने वर्षानुवर्षे शिकवीत आलो. त्यांना एवढी नाजूक जागा लागते, हे तालमीतच उमगले.

हे फाटणे मुळात दोषच मानले जाई. अमेरिकेत फुलर्टन येथे रेडिओदुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या लिओ फेंडरने अँप्लिफायर बनवले ते स्टील गिटार आणि ‘कंट्री’ संगीत वाजवणाऱ्यांसाठी. त्यांना मोठा, पण निर्मळ आवाज हवा असे. १९६३ साली आलेला त्याचा ‘ट्विन रिव्हर्ब’ सुमारे ८५ वॅटचा होता, तो याच हट्टापायी. आणि पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, लंडनच्या ‘किंक्स’चा डेव्ह डेव्हिस स्पीकरचा कागदी शंकू पात्याने फाडून मुद्दाम खरखर मिळवत होता! दोषाचा अलंकार होणे हे साहित्यालाही नवे नाही. आम्हांला मात्र उलट प्रवास करायचा होता.

चिंचवडच्या ज्या काकांकडे आम्ही गेलो, त्यांचे आयुष्य व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करण्यात गेले. त्यांनी आधी आमचे हात मागे घ्यायला लावले. प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये कित्येकशे व्होल्ट दबा धरून बसलेले असतात; ते उतरवल्यावाचून बोट घालायचे नाही. मग म्हणाले, “सर, पंधरा वॅटचे तीस होणार नाहीत. शेवटच्या दोन ईएल ८४ देतील तेवढंच. आणि तीस केले, तरी कानाला फरक तीन डेसिबलचाच.” आवाज दुप्पट भासायला शक्ती साधारण दहापट लागते, हेही त्यांच्याकडूनच ऐकले.

म्हणून त्यांनी सुरुवात स्पीकरपासून केली. जुना एका वॅटला एका मीटरवर ९६ डेसिबल देणारा, नवा १०० देणारा. चार डेसिबल म्हणजे अडीचपट शक्तीची बरोबरी, आणि सर्किटला हातही नाही! मग पहिली १२एएक्स७ नळी काढून त्याच बैठकीत १२एवाय७ बसवली. पहिलीचा वर्धनांक १००, दुसरीचा सुमारे ४४. त्यामुळे पुढच्या नळ्यांवर संकेत आदळत नाही. कॅथोडवरचा एक कपॅसिटर काढला. तिथले वर्धन आणखी घटले.

खरी गोष्ट ऋण प्रतिपोषणाची. बाहेर पडणाऱ्या आवाजाचा अंश उलटा करून पुन्हा आत सोडायचा, म्हणजे यंत्राने घातलेली भर आपोआप वजा होते. बेल लॅब्जच्या हॅरोल्ड ब्लॅकला ही युक्ती २ ऑगस्ट १९२७ रोजी हडसन नदी ओलांडताना, फेरीबोटीत सुचली आणि हातातल्या वर्तमानपत्रावरच त्याने ती मांडली. स्वतःचेच बोलणे ऐकून स्वतःला दुरुस्त करणारे यंत्र! (आमच्या व्यवसायात ही सोय नाही.) यात वर्धन खर्ची पडते, आणि तारा उलट जोडल्या गेल्या तर यंत्र किंचाळते. काकांनी डाख देण्यापूर्वी त्या दोनदा तपासल्या. शिवाय नळ्यांची मर्यादा गाठली की असा अँप्लिफायर हळूहळू नव्हे, एकदम फाटतो. म्हणून मर्यादेच्या अलीकडे मोकळी जागा ठेवावी लागते. तिला वादक ‘हेडरूम’ म्हणतात. छेडल्याबरोबर तारेचा ध्वनी क्षणभर उसळतो. ती उसळी मावली, तरच सूर शाबूत राहतो.

दुसऱ्या तालमीला आम्ही आवाराच्या टोकाला, फाटकापाशी उभे राहिलो. महामार्ग होताच. गिटार पूर्वीपेक्षा मोठी होती, तरी ‘थडीचे’मधला ‘थ’ आणि ‘ड’ वेगवेगळे ऐकू आले. तिथला पहारेकरी म्हणाला, “थडीचं म्हणजे नदीकडलं ना?”

गिटार वाजवणारा मुलगा मात्र नाराज. “सर, याचा जीवच काढून घेतलात!” त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते, एकट्याने वाजवताना त्याला ती खरखर हवी होती, आणि यंत्र त्याचे होते. काकांनी प्रतिपोषणाच्या तारेत, मागच्या बाजूला, एक छोटे बटण बसवून दिले. कवितेच्या वेळी ते खाली ठेवायचे, असे त्याने कबूल केले आहे.